ओटा उभा झाला, बसायचं राहिलं

चूल जमिनीवर होती तोवर स्वयंपाक बसून व्हायचा. एक गुडघा उभा, दुसरा मुडपलेला, समोर परात. भाकरी थापायची ती बसून, विळीवर वांगी चिरायची ती बसून, पाट्यावर वाटण वाटायचं तेही बसून. मग गॅस आला. शेगडी ओट्यावर चढली आणि तिच्यामागोमाग सगळं घर वर सरकलं. विळी जाऊन सुरी आली, पाटा-वरवंटा जाऊन मिक्सर आला, पोळपाटही ग्रॅनाईटवर गेला. धूर गेला, वाकणं कमी झालं, हा फायदा मोठाच. पण या बदलात बसणं मात्र गेलं. पूर्वी सात जणांचा स्वयंपाक बसून करणारी बाई आता तिघांचा स्वयंपाक दोन तास उभं राहून करते, आणि रात्री टाचा चोळत बसते.

उंच स्टुलाचा विचार इथून सुरू करायला हवा. प्रत्यक्षात तो कॅटलॉगातल्या फोटोवरून सुरू होतो. यवतमाळ, पुसद, वणीकडे नवं घर बांधताना स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामधली भिंत अर्धी काढून तिथं ग्रॅनाईटची पाटी टाकायची आता पद्धत पडली आहे. पाटीसमोर दोन उंच स्टुलं मांडली जातात. वास्तुपूजनाला सगळे त्यांच्यावर आळीपाळीने बसून फोटो काढतात आणि सहा महिन्यांत त्यांच्यावर इस्त्रीचे कपडे येतात. दोष लाकडाचा नसतो, कारागिराचाही नसतो. बहुतेक वेळा तो दोन-तीन इंचांचा असतो.

दुकानात या वस्तूला ‘बार स्टूल’ म्हणतात, त्याची काही घरांत पंचाईत होते. शेजारच्या वर्ध्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी, चंद्रपुरात ती 2015 ते 2021 होती, आणि यवतमाळातही बायांनी दारूबंदीसाठी मोर्चे काढलेले आहेत. अशा मुलखात आजीसमोर ‘बार’ घरात आणायचं म्हणजे अवघडच. पण समोर तर्री-पोह्यांची प्लेट आली की शंका मिटते. आणि उंच स्टूल आपल्याला नवं नाहीच. कॉलेजात विज्ञान शाखेला गेलेल्या प्रत्येकाने रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यावर दोन-तीन वर्षं काढलेली असतात: चौकोनी लाकडी बैठक, पाठ नाही, खाली चारही बाजूंना आडव्या दांड्या, काम झालं की टेबलाखाली सरकवून मोकळं. दिसायला ओबडधोबड, पण मापात चोख.

आधी ओटा मोजा

स्टुलाची उंची एकटी कधीच ठरत नाही. महत्त्वाचं असतं ते बैठक आणि ओट्याचा वरचा पृष्ठभाग यांमधलं अंतर. बसून आरामात खायचं असेल तर हे अंतर 10 ते 12 इंच लागतं. त्याहून कमी असेल तर मांड्या अडतात आणि पाठ वाकते. जास्त असेल तर ताट छातीशी येतं आणि खांदे वर ओढले जातात. लहान मूल मोठ्यांच्या टेबलावर बसल्यावर जसं दिसतं, तसं मग मोठं माणूस दिसू लागतं.

परदेशी पद्धतीचा स्वयंपाकाचा काउंटर 36 इंचांचा आणि बारचा काउंटर 40 ते 42 इंचांचा धरतात. म्हणून बाजारात तयार मिळणारी स्टुलं मुख्यतः दोन उंचींची असतात: बैठक 24 ते 26 इंच आणि बैठक 28 ते 30 इंच. आपला ओटा मात्र या दोन्हींत बसेलच असं नाही. उभ्याने काम करताना ओटा कोपराच्या चार-पाच इंच खाली असावा लागतो. पाच फूट उंचीच्या बाईचं कोपर जमिनीपासून साधारण 37-38 इंचांवर येतं. म्हणजे तिच्या सोयीचा ओटा 32 ते 34 इंचांचा झाला, आणि आपले मिस्त्री बहुतेक तेवढाच बांधतात. आता 33 इंचांच्या ओट्यासमोर 26 इंचांचं स्टूल ठेवलं तर मध्ये उरले सात इंच. त्यातून दगडाची जाडी आणि पुढच्या पट्टीची रुंदी वजा करा. मांडी आत जाणार कुठून? आणि चुकून 30 इंचांचं आणलं तर ओट्यासमोर बसलोय की ओट्यावर, हेच कळत नाही.

मोजताना टेप फरशीपासून लावायचा, आणि तोही टाईल्स बसल्यानंतर. बांधकाम चालू असताना घेतलेल्या मापातले दीड-दोन इंच टाईल्स आणि खालचा मसाला नंतर खातात. अनुभवी वाढई म्हणूनच सांगतो, “ताई, ओट्याचं माप घेऊन येजा, स्टुलाचं मंग पाहू.” तो इंचांवर थांबत नाही, सुतापर्यंत जातो, आठ सूत म्हणजे एक इंच. तुम्ही निदान अर्ध्या इंचापर्यंत तरी जा.

लांबीचा हिशेब सोपा आहे. प्रत्येक माणसाला काउंटरची दोन फूट लांबी द्यायची. पाच फुटी पाटीवर दोघं नीट बसतात. तिसरं स्टूल ठेवलं की तिघांचीही कोपरं भांडतात. हाताच्या खुर्चीसारखं किंवा गोल फिरणारं स्टूल असेल तर माणशी अडीच फूट धरा. स्टुलामागून ये-जा होणार असेल तर मागे तीन फूट मोकळे हवेत.

खायचं अंतर वेगळं, कामाचं वेगळं

आता पुन्हा त्या उभ्या राहणाऱ्या बाईकडे वळू. जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात 1926 साली मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या स्त्री वास्तुरचनाकाराने कामगारांच्या घरांसाठी एक स्वयंपाकघर आखलं. जेमतेम 1.9 मीटर रुंद आणि 3.4 मीटर लांब. पुढे अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बांधली गेली आणि आजच्या सगळ्या मॉड्युलर किचनची ती आजी मानली जाते. तिची कपाटं, तिचे डबे, तिची सुटसुटीत मांडणी आपण उचलली. पण त्या स्वयंपाकघरात खिडकीखालच्या कामाच्या फळीपाशी एक फिरतं स्टूलही होतं, ते घ्यायचं आपण विसरलो. भाजी निवडणं, चिरणं, सोलणं ही कामं बसून व्हावीत असा त्यामागचा विचार होता.

ही सोय आपल्याकडे आणायची तर थोडं वेगळं गणित लागतं. बसल्यावर आपलं कोपर बैठकीपासून आठ-साडेआठ इंच वर असतं. चिरायला, निवडायला हात साधारण कोपराच्या पातळीवर हवा. म्हणजे कामाच्या स्टुलासाठी बैठक आणि ओटा यांत आठ-नऊ इंचांचं अंतर पुरतं. 33 इंचांच्या ओट्याला खाण्यासाठी 22 इंचांचं स्टूल हवं, तर कामासाठी 24 इंचांचं. एकच स्टूल दोन्हीकडे वापरायचं असेल तर 23 वर तडजोड करता येते.

पण त्याआधी गुडघ्यांना जागा हवी. आपल्या ओट्याखाली इकडच्या टोकापासून तिकडच्या टोकापर्यंत ट्रॉल्या आणि कपाटं असतात. समोर स्टूल ठेवलं तर माणूस एका अंगावर, तिरकं बसतं, आणि दहा मिनिटांत उठून उभं राहतं. नवा ओटा करताना सिंकपासून दूर, शेगडीपासूनही दूर, दोन फुटांचा एक खण खाली मोकळा सोडायला मिस्त्रीला सांगा. एक ट्रॉली कमी होईल, पण मेथीच्या दोन जुड्या बसून निवडता येतील. शेगडीसमोर मात्र स्टूल नको. तळणीचं तेल उडालं तर उभा माणूस मागे सरकतो. बसलेल्याच्या ते मांडीवर येतं.

ग्रॅनाईटची पाटी आणि भार

हॉलच्या बाजूला बसून खायचं असेल तर पाटी भिंतीच्या पुढे निघालेली हवी. आरामात बसायला ती फूटभर पुढे लागते, नाहीतर गुडघे भिंतीला घासतात. इथे दगडाचा स्वभाव आड येतो. ग्रॅनाईट दाब भरपूर सोसतं, पण ताण फार कमी सोसतं. पुढे आलेल्या पाटीच्या टोकावर भार पडला की तिच्या वरच्या थराला ताण बसतो आणि ती भिंतीच्या कडेशी तडकते. नेहमीची 18 ते 20 मिलिमीटरची पाटी आधाराशिवाय सहा-आठ इंचांहून पुढे काढू नये. फूटभर काढायची तर खालून लोखंडी ब्रॅकेट किंवा अँगल घालायलाच हवेत. कडेला दोन पट्ट्या चिकटवून पाटी जाड दिसेल अशी करतात, त्याने फक्त कड सुंदर होते, ताकद वाढत नाही. आणि हे विसरू नका की उंच स्टुलावर चढताना-उतरताना माणूस हात टेकतो तो याच पाटीवर.

पाय टेकायला जागा

उंच स्टुलावरचे पाय जमिनीपर्यंत पोचत नाहीत. लोंबत्या पायांचं सगळं वजन मांडीच्या मागच्या बाजूला, बैठकीच्या कडेवर येतं. तिथल्या शिरा दाबल्या जातात आणि पंधरा मिनिटांत मुंग्या येतात. म्हणून आडवी दांडी ही उंच स्टुलाची शोभा नाही, गरज आहे. तिची जागा अशी काढायची: साध्या खुर्चीवर बसून गुडघ्याच्या मागच्या खळगीपासून तळव्यापर्यंत मोजा. बहुतेक प्रौढांचं हे अंतर 15 ते 17 इंच येतं. बैठकीपासून दांडी तेवढीच खाली हवी. म्हणजे 22 इंचांच्या स्टुलाची दांडी जमिनीपासून सहा इंचांवर आणि 30 इंचांच्या स्टुलाची चौदा इंचांवर.

दांडीवर चढताना पूर्ण वजन पडतं, म्हणून ती सगळ्यात आधी झिजते आणि सगळ्यात आधी ढिली होते. लाकडी दांडीवर पितळी किंवा स्टीलची पट्टी ठोकून घेतली तर वर्षानुवर्षं पॉलिश टिकतं. लोखंडी स्टुलात दांडी नुसती टाके मारून जोडली आहे की चहूबाजूंनी वेल्डिंग केलं आहे, हे बोट फिरवून पाहता येतं.

उंची वाढली की तोल घटतो

साध्या खुर्चीवरून माणूस सहसा पडत नाही, उंच स्टुलावरून पडतो. याचं कारण आकड्यांत मांडता येतं. बसलेल्या माणसाचा गुरुत्वमध्य बैठकीच्या सुमारे दहा इंच वर धरू. पायांमधलं अंतर 16 इंच असेल, तर मध्यापासून कड आठ इंचांवर. 18 इंचांच्या स्टुलावर गुरुत्वमध्य 28 इंचांवर येतो आणि स्टूल सुमारे 16 अंश कलल्यावर उलटतं. तेवढ्याच पायांवर बैठक 30 इंचांवर नेली की गुरुत्वमध्य 40 इंचांवर जातो आणि उलटायला 11 अंश पुरतात. 30 इंचांच्या स्टुलाला साध्या स्टुलाइतकी स्थिरता द्यायची तर पाय जवळजवळ 23 इंच फाकवावे लागतील. उंच स्टुलाचे पाय खाली पसरट का असतात, ते यावरून कळतं. वरून खालपर्यंत सरळ पायांचं 30 इंची स्टूल दिसायला सडपातळ असतं, पण पोरंबाळं असलेल्या घरात ते आणू नये.

पायांची संख्याही बोलते. तीन पायांचं स्टूल खडबडीत जमिनीवरही डुगडुगत नाही, कारण तीन टोकं कुठेही एका पातळीत बसतात. शेणानं सारवलेल्या घरात तिवई म्हणूनच सोयीची. पण ती लवकर कलंडते. दहा इंच त्रिज्येच्या वर्तुळावर तीन पाय ठेवले तर मध्यापासून जवळची कड पाच इंचांवर येते; चार पाय ठेवले तर सात; पाच ठेवले तर आठ. ऑफिसच्या फिरत्या खुर्चीला पाच पाय असतात त्याचं हेच कारण. फरशी सपाट असेल तर उंच स्टुलाला चार पाय घ्या.

चौथ्या पायाची डुगडुग काढण्याची वाढयाची रीत पाहण्यासारखी असते. स्टूल सपाट फरशीवर ठेवून तो आखूड पायाखाली पत्त्याएवढ्या पातळ चकत्या सारतो आणि बैठक पाणसळीत आणतो. मग लाकडाच्या एका छोट्या ठोकळ्यावर पेन्सिल आडवी धरून ठोकळा फरशीवरून चारही पायांभोवती फिरवतो. चारही पायांवर एकाच पातळीची रेघ उमटते. त्या रेघेवर करवत चालवली की डुगडुग संपली. तिरक्या पायांचा तळही आपोआप योग्य कोनात कापला जातो. तयार आणलेलं लाकडी स्टूल इंच-दोन इंच उंच निघालं तरी याच रीतीने ते कमी करता येतं, आणि बैठक ते दांडी हे अंतर तसंच राहतं. लोखंडी नळीच्या स्टुलाला ही सवलत कमी. कापलं तर तळाची टोपणं आणि रबरी बूट नव्याने शोधावे लागतात.

सागवानाच्या जिल्ह्यात

यवतमाळ जिल्हा कापसासाठी जितका ओळखला जातो, तितकाच सागासाठीही ओळखला जावा. पांढरकवडा, घाटंजी, पुसद, उमरखेड या बाजूंची जंगलं कोरड्या पानझडीची, सागप्रधान. 1997 साली अभयारण्य झालेलं टिपेश्वर त्यातलंच. विदर्भाच्या सागाची कीर्ती दूरवर आहे: दिल्लीच्या नव्या संसद भवनात नागपूरकडचं सागवान लागलं, आणि 2023 मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरहून सागवान वाजतगाजत गेलं.

स्टुलासाठी साग चांगला का? पहिलं म्हणजे तो हवेप्रमाणे फार फुगत-आकसत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 पर्यंत जातो, हवा भाजल्यासारखी कोरडी होते. जुलैत तीच हवा ओली चिंब. वर उन्हाळाभर घरात ताट्यांचा कूलर चालतो, म्हणजे एका खोलीत ओलावा आणि शेजारच्या खोलीत कोरड. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीत आकसतं आणि फुगतं, आणि त्या ओढाताणीत सांधे ढिले होतात. दुसरं म्हणजे सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेलकट द्रव्यं असतात, त्यामुळे वाळवी त्याला सहसा लागत नाही. पण हे फक्त तपकिरी गाभ्याचं. सालीलगतचं फिकट लाकूड वाळवी आवडीने खाते. कोवळ्या, बारीक खोडांत हा पांढरा भाग जास्त असतो. पॉलिश चढलं की फरक दिसेनासा होतो, म्हणून स्टूल करायला दिलं असेल तर पॉलिशच्या आधी एकदा जाऊन बघा.

सागाला पर्यायही आहेत. बाभूळ आपल्या मुलखात बैलगाडीला वापरत आले आहेत. पायांना आणि दांडीला ती चिवट आहे, फक्त नीट वाळलेली हवी. जुनी माडीची घरं पाडली जातात तेव्हा निघणारं सागवान कित्येक दशकं वाळलेलं असतं. त्यातले खिळे काढण्याची मेहनत वाढई मागतो ती रास्तच. बांबूचं हलकं स्टूलही होतं. झरी-जामणी, मारेगावकडच्या कोलामांच्या हातात बांबूचं काम पिढ्यान्‌पिढ्या आहे.

एक पथ्य पाळायचं. सागाचं झाड तोडायला आणि लाकूड हलवायला परवाना लागतो. स्वस्तात, रात्री, बिनबिलाचं मिळणारं सागवान बहुधा टिपेश्वरचं नाहीतर पैनगंगेच्या काठाचं असतं. आरागिरणीचं पक्कं बिल मागा.

सांधा कसा आहे तेही विचारा. एका लाकडाला भोक पाडून दुसऱ्याचं तासलेलं टोक त्यात घट्ट बसवलं असेल तर स्टूल नातवंडांपर्यंत जातं. नुसता स्क्रू आणि फेविकॉल असेल तर दोन उन्हाळे.

लोखंड, गॅस आणि गादी

हॉटेलांत दिसणारं, पत्र्याचं, एकावर एक रचता येणारं लोखंडी स्टूल मुळात फ्रान्सचं. ओतन गावच्या झाविए पोशारने 1927 मध्ये तोलिक्स हे नाव नोंदवलं आणि 1934 मध्ये त्याची प्रसिद्ध पत्र्याची खुर्ची आली. जस्ताचा थर दिलेला पत्रा, म्हणजे गंज नाही. आज मिळतात त्या बहुतेक नकला. त्यांत जस्ताऐवजी नुसता रंग असतो आणि पहिला पोपडा गेला की गंज धरतो. नळीचं स्टूल घेताना गेज विचारा, आणि लक्षात ठेवा की गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो: 16 गेज म्हणजे सुमारे 1.6 मिलिमीटर, 18 गेज म्हणजे 1.2. भारदस्त माणसं बसणार असतील तर 16 घ्या.

खटका दाबला की वर-खाली होणाऱ्या स्टुलात नायट्रोजन वायूने भरलेली नळी असते. ओट्याचं माप नक्की नसेल किंवा घरात पाच फुटांची आई आणि सहा फुटांचा मुलगा असेल तर हे सोयीचं. पण नळीचं सील झिजलं की बैठक बसल्या-बसल्या खाली येऊ लागते. दुकानात दोन मिनिटं नुसतं बसून पाहा. खालची गोल तबकडी वजनदार आणि निदान 15-16 इंच व्यासाची हवी. तिच्याखाली रबर नसेल तर टाईल्सवर गोल ओरखडे येतात.

बैठकीला मऊ गादी छान वाटते, पण स्वयंपाकघरात तेल आणि हळद असते. धुता येईल असं रेक्झिन किंवा काढता येणारी उशी बरी. साडी नेसून बसायचं तर कडा गोल आणि खिळ्याचं टोक बाहेर न आलेलं हवं. पाठ हवी का? खाऊन उठायचं असेल तर नको, स्टूल आत सरकतं. अर्धा तास बसायचं असेल तर कमरेपर्यंतची बुटकी पाठ घ्या.

कुणी बसायचं आणि कुणी नाही

गुडघे दुखणाऱ्या माणसाला जमिनीवरून उठण्यापेक्षा उंच बैठकीवरून उठणं सोपं, हे खरं. पण ते 18-20 इंचांपर्यंतच. त्यापलीकडे बैठकीवर चढावं लागतं, आणि उतरताना पाय आधी दांडीवर, मग जमिनीवर, असा दोन टप्प्यांचा खेळ होतो. ज्येष्ठांसाठी ओट्याशेजारी साधी, हात असलेली खुर्ची आणि छोटं टेबल ठेवा. पाचेक वर्षांच्या आतल्या मुलाला पाठ नसलेल्या उंच स्टुलावर एकटं बसवू नये. पाय ओट्याला टेकवून मागे रेटणं हा त्या वयाचा आवडता उद्योग असतो.

पैसे खर्च करण्याआधी एक पूर्वतयारी फुकट होते. दोन पाट, जाड पुस्तकं किंवा विटा एखाद्या भक्कम साध्या स्टुलावर रचून ठरवलेल्या उंचीची बैठक करा, भिंतीला टेकवा आणि त्यावर बसून एकदा पोहे खा, एकदा भाजी निवडा. पाठ, मांड्या आणि कोपरं यांचं मत घ्या. इंचभर कमी-जास्त करून पाहा. जमला तो आकडा चिठ्ठीवर लिहा, त्याखाली दांडीचं माप, पायांचा पसारा आणि स्टुलांची संख्या. तीच चिठ्ठी दुकानात न्या किंवा वाढयाला द्या. पहिलं स्टूल घरात सगळ्यात जास्त वेळ उभं राहणाऱ्या माणसाच्या मापाचं करा, पाहुण्यांचं त्यानंतर.